दातवाल्या बाईंचा ब्रश

दातवाल्या बाई कारखान्यातल्या पावडरच्या खोलीत शिरल्या की तिथली माणसं आपोआप सरळ बसत. बाईंचे स्वतःचे दात काही बघण्यासारखे नव्हते. पुढचा एक तर चक्क तिरका होता. नाव पडलं होतं ते आधीच्या कामावरून. उभं तारुण्य त्यांनी दातांच्या लॅबमध्ये काढलं होतं. डॉक्टर मंडळी तोंडाचे साचे पाठवायची आणि बाई त्यावरून दातांच्या टोप्या, पूल, कवळ्यांचे सांगाडे बनवायच्या. गावातल्या निम्म्या लोकांच्या हसण्यात आपला हात आहे, असं त्या खुशाल सांगत, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. बसस्टॉपवर कोणी जांभई दिली तरी बाई वाकून बघत आणि शेजारणीला म्हणत, "ती मागची बघ. माझी दाढ."

नम्रपणा त्यांच्या वाटणीला आला नव्हता, आणि आला असता तर त्यांनी तो वापरून बघून परत पाठवला असता. कोणाचं काम आवडलं नाही तर तोंडावर सांगायच्या. आवडलं तर "जमलंय," एवढंच म्हणायच्या, आणि ते "जमलंय" मिळालेला माणूस दोन दिवस हवेत असायचा.

लॅब चालवणाऱ्यांना सगळे काका म्हणत. बाईंना सगळं शिकवलं ते काकांनी. मेण कसं तासायचं, धातू कसा ओतायचा आणि पुढे लॅबमध्ये धातू छापायचं छोटं मशीन आलं तेव्हा ते कसं सांभाळायचं, तेही दोघं मिळूनच शिकले. काकांना एक वाईट खोड होती. विचारात पडले की हातातला ब्रश आडवा दातांत धरून चावत बसायचे. त्यांचा आवडता ब्रश बाईही वापरायच्या, आणि त्याच्या लाकडी दांडीवर काकांच्या दातांच्या खुणांची अख्खी रांग उमटली होती. वय झालं तसे काका थकले, लॅब बंद झाली. त्या दिवशी सामानाची आवराआवर चालू असताना त्यांनी तो ब्रश बाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "एवढा तू ठेव. बाकी भंगारात जाऊ दे." बाईंनी तो ठेवला. केस इतके मऊ की गालावर फिरवला तर लागल्याचंही कळू नये.

या ब्रशावर बाईंचा जीव होता याला आणखी एक कारण होतं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याची शाळा, त्याचं पुढचं शिक्षण, त्याचे फाटके बूट, सगळं त्या लॅबच्या टेबलावर उभं राहिलं. भाऊ शिकला, फिटर झाला आणि गावाबाहेरच्या अणुवीज केंद्रात लागला. आता तो दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा एवढा धिप्पाड झाला होता. बाई त्याला अजून 'छोट्या'च म्हणायच्या.

लॅब बंद झाल्यावर बाई या कारखान्यात आल्या. इथे धातूच्या वस्तू छापतात. भाऊ चिडवायला याला 'ताईचा छापखाना' म्हणायचा, आणि "लग्नपत्रिका पण छापता का गं?" असं दर भेटीत एकदा तरी विचारायचा. खरं काम असं. मशीनच्या पेटीत मैद्याहून बारीक स्टीलची पावडर असते. एक पातं तिचा केसाहून पातळ थर पसरतं. वरून लेसरचा किरण येतो आणि जिथे धातू हवा तेवढ्याच जागी पावडर वितळवून घट्ट करतो. मग त्यावर पुन्हा थर, पुन्हा किरण. शेवटी पेटी उघडली की आत नुसती राखाडी पावडरच दिसते, आणि ती बाजूला सारत गेलं की खालून वस्तू वर येते. बाईंना हा क्षण फार आवडायचा. किती वर्षं झाली तरी दर वेळी त्या खोलीतल्या सगळ्यांना "गप्प बसा," असं बजावूनच पेटीत हात घालायच्या.

उरलेली पावडर फेकत नाहीत. ती चाळतात आणि परत पिंपात भरतात. चाळणं आणि वस्तूच्या पोटातली अडकलेली पावडर काढणं, ही दोन्ही कामं बाईंची. ऐकायला मोलकरणीचं काम वाटतं. पण आत वळणावळणाच्या वाटा असलेली वस्तू असेल तर एखादी चिमूट कोपऱ्यात दडून बसते, आणि पुढे भट्टीत गेली की तिथेच कायमची घट्ट होते. दोन दाढांमधली फट ज्यांनी आयुष्यभर साफ केली, त्यांना हे काम मिळावं हे बरोबरच होतं.

केंद्राचं काम आलं तेव्हा कारखान्यात सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. केंद्रातला एक जुना पंप होता. त्याच्या पोटात फिरणारा पंखा, म्हणजे इम्पेलर, झिजला होता. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, साचे कुठे गेले कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तो छापून द्यायचा. पुढच्या शटडाउनमध्ये, म्हणजे केंद्र दुरुस्तीसाठी थांबेल तेव्हा, तो पंपात बसणार होता. काम जमलं तर केंद्राची दारं कायमची उघडणार होती.

हे काम बघणारी इंजिनीअर वयाने बाईंच्या मुलीएवढी होती. सगळे तिला मॅडम म्हणत. हुशार होती, चिवट होती आणि न कळलेलं कळलं म्हणत नव्हती. बाईंनी पहिल्याच महिन्यात तिला पास करून टाकलं होतं. मॅडमने सगळ्यांना समोर बसवून केंद्राच्या अटी समजावल्या. पावडर नवीन, वेगळी, सीलबंद. तिच्यात कार्बन एवढंच, गंधक एवढंच, आणि कोबाल्ट तर जवळजवळ नाहीच म्हणावं इतकं कमी. या पावडरला दुसऱ्या धातूचं कुठलंही हत्यार लावायचं नाही. बाईंनी मान डोलावली. दुसऱ्याच्या चमच्याने आपल्या घरातलं मीठसुद्धा न काढणारी बाई. त्यांना हे काय नवीन सांगायचं?

आधी एक इम्पेलर नुसता चाचणीसाठी छापला. तो कापून, तोडून, ओढून बघायचा होता. बाई तो साफ करत होत्या. दोन तबकड्यांच्या मध्ये वाकड्या वाटा, आणि एका वाटेच्या वळणावर पावडर हटून बसलेली. खोलीतले नवे ब्रश तिथवर पोचत होते पण वळत नव्हते. बाई वैतागल्या. हात एप्रनच्या खिशात गेला. तिथे काकांचा ब्रश होता, नेहमीच असायचा. मनात आलंच असेल तर एवढंच, की हा तुकडा तर कापायचाच आहे. दोन वेळा ब्रश आत फिरला आणि वळण लख्ख झालं. बाईंनी "जमलंय," असं स्वतःलाच म्हटलं, निघालेली पावडर चाळली आणि परत पिंपात ओतली.

आणि त्याच पिंपातून मग खरा इम्पेलर छापला गेला.

तो छान झाला, यात वाद नाही. त्याच्यासोबत छापलेल्या कांड्या ओढून तोडल्या, त्या हव्या तेवढ्या ताणानंतरच तुटल्या. एक्स-रेमध्ये पोकळी नव्हती. पावडरचा नमुना तपासला, तोही ठीक. मॅडमने सह्या केल्या. लाकडी पेटीत फोमच्या गादीवर इम्पेलर झोपवला आणि बाईंनी झाकण लावण्याआधी त्याच्यावरून एकदा हात फिरवला.

सुट्टीच्या दिवशी भाऊ जेवायला आला, सोबत लेकीला घेऊन. ही भाची आठ वर्षांची, आणि तोंडाने थेट आत्यावर गेलेली. शाळेच्या नाटकात तिला राजाच्या घोड्याचं काम मिळालं होतं. पूर्ण घोड्याचं नाही, मागच्या दोन पायांचं.

"बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत," ती म्हणाली. "प्रॉमिस केलंय."

"मागचे पाय बघायला पहिल्या रांगेत?" बाई म्हणाल्या.

"पुढच्या पायांचे बाबा काय, कुठेही बसतील. माझ्या बाबांना नीट दिसायला हवं."

बाईंचे यजमान बस चालवायचे आणि बोलायचे फार कमी. तेसुद्धा हसले. मग भाऊ शटडाउनच्या गोष्टी सांगू लागला. नाटकाच्या आधी काम उरकेल, सगळं ठरलंय, म्हणाला. त्या पंपाच्या खोलीत जास्त वेळ थांबता येत नाही. पाळी लावून आत जायचं, ठरलेला वेळ झाला की नट अर्धा सुटलेला असला तरी बाहेर यायचं. छातीवरचा बिल्ला सांगतो कोणाच्या अंगावर किती किरण गेले ते.

"का थांबता येत नाही? कोण असतं तिथे?" भाचीने विचारलं.

"कोबाल्ट," भाऊ म्हणाला. "म्हणजे असं बघ. कुठल्यातरी व्हॉल्व्हमधून, पंपातून धातूचा कण झिजून सुटतो. अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारा. पाणी त्याला फिरवत फिरवत अणुभट्टीतून नेतं. बाकीचे धातू तिथून तापून येतात आणि बहुतेक लवकर शांत होतात. हा नाही होत. हा वर्षानुवर्षं तापलेला. उष्णतेने नाही, किरणांनी. आणि मग पाण्याबरोबर येऊन एखाद्या वळणावर बसतो. नेमका तिथे, जिथे आम्हाला गुडघे टेकून बसायचं असतं."

"मग त्याला हाकला."

"दिसला तर हाकलू ना!" भाऊ हसला. "ताई, भात वाढ की. हात का थांबला?"

बाईंचा हात डावाशीच थांबला होता. दातांच्या टोप्या ज्या धातूच्या करतात तो धातू कोबाल्टचा. लॅबमधलं छोटं मशीन त्याचीच पावडर खायचं. आणि ती पावडर त्या मशीनच्या कानाकोपऱ्यातून वर्षानुवर्षं झाडली होती ती काकांच्या ब्रशाने. बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. पक्कं माहीत होतं. पण 'कोबाल्ट' हा मॅडमच्या अटींमधला शब्द आणि 'काकांचा ब्रश' ही खिशातली वस्तू, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. ब्रश म्हणजे त्यांच्या लेखी साफ करणारी वस्तू. तोच घाण करेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

भाऊ आणि भाची गेल्यावर बाईंनी धुवायला आणलेल्या एप्रनमधून ब्रश काढला. तो स्पिरिटमध्ये कितीदा धुतला होता याची गणतीच नव्हती. लॅबमधलं भिंग त्यांनी जपून ठेवलं होतं, ते डोळ्याला लावलं. टोकाला काहीच नव्हतं. मग नखाने केस फाकवले, अगदी मुळाशी, जिथे पत्र्याची कडी केसांना आवळून धरते. तिथे काहीतरी चमकलं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि स्वतःशीच भांडायला लागल्या. ते स्टीलही असेल, परवाच्याच कामाचं. इथून तिथून एखादा कण गेला तरी पिंपभर पावडरीत तो काय करणार? चाळण लावली होती की. पण चाळणीला धातू कळत नाही, तिला फक्त आकार कळतो, आणि दोन्ही पावडरी सारख्याच बारीक होत्या. नमुना पास झाला होता. पण नमुना म्हणजे एक चिमूट. कोणी बघितलं नव्हतं. हे शेवटचं मनात आलं तेव्हा बाईंना स्वतःचाच राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांना "कोणी बघत नाही म्हणून काय झालं?" असं म्हणत त्या हात धुऊन मागे लागत आल्या होत्या.

यजमान दारात येऊन उभे राहिले. बाईंनी सगळं सांगितलं.

"नोकरी जाईल का?" त्यांनी विचारलं.

"जाईल की राहील ते नंतर बघू. छोट्या त्या पाइपाशी गुडघे टेकून बसतो."

"छोट्या नसता बसत तर?"

बाईंनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तर कोणाचातरी छोट्या बसला असता."

"मग झालं," यजमान म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या आधी बाई तिच्या टेबलाशी हजर होत्या. ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत होता. बाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. कुठे वापरला, का वापरला, आधी कशाला वापरायच्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरत गेला. तिने बाईंना अर्ध्यात तोडलं नाही, हे तिचं मोठेपण.

"केस कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतील, बाई," शेवटी ती म्हणाली. "ब्रश राहणार नाही."

"कापा," बाई म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, फक्त गॅसच्या सिलिंडरची रांग होती.

निकाल आला. मुळाशी अडकलेले कण बहुतेक स्टीलचे होते. काही मात्र कोबाल्टचे होते. मॅडमने बराच वेळ आकडेमोड केली आणि बाईंना बोलावलं.

"हिशोबाने बघितलं तर आपण मर्यादेच्या पुष्कळ आत आहोत," ती म्हणाली. "पिंपात गेले असतील तर मोजके कण गेले असतील. इम्पेलरमध्ये त्यातले किती आणि कुठे, ते कोणीच सांगू शकणार नाही."

"म्हणजे चालेल?"

"हिशोबाला चालेल. पण मी कागदावर लिहून दिलंय की या पावडरला दुसऱ्या धातूचं हत्यार लागलेलं नाही. ते आता खरं नाही. हे केंद्राला सांगायला हवं." मॅडम थांबली. "मोठे साहेब आपल्या दोघींना फाडून खातील."

"मला आधी खातील," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागे उभ्या राहा. मी जाड आहे, माझ्यातच पोट भरेल."

मॅडमला हसू आलं, आणि लगेच डोळेही भरून आले. मोठ्या साहेबांनी खरोखर आकाशपाताळ एक केलं. एका ब्रशापायी! वर्षभराची मेहनत! आणि सगळं पास झालेलं असताना! मॅडमने त्यांच्यासमोरच केंद्राला फोन लावला. केंद्रातल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, उद्या सांगतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं की नवीन पावडरचा दुसरा द्या. रागवला नाही, आभारही मानले नाहीत. नवीन पावडर मागवून, मशीन आतून-बाहेरून पुसून, पुन्हा छापायचं म्हणजे शटडाउनचा ठरलेला दिवस हातचा जाणार हे उघड होतं. तसंच झालं. केंद्राला शटडाउन लांबवावा लागला.

बाईंना पावडरच्या खोलीतून काढून पॅकिंगला बसवलं. नोकरी गेली नाही, पण अपमान व्हायचा तो झाला. बाई हे सोसून गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी पॅकिंगच्या खोलीचं जिणं हराम केलं. पेट्यांना चिकटपट्टी तिरकी लावलेली त्यांना चालेना. पाठवायच्या मालात एका नळाच्या तोटीला डाग दिसला म्हणून त्यांनी ती परत धाडली. पॅकिंगवाले हात जोडून मॅडमकडे गेले, "बाईंना घेऊन जा हो. आम्ही साधी माणसं आहोत."

तिकडे पावडरच्या खोलीतही तेच वळण पुन्हा आडवं आलं होतं. बाईंनी घरून काही आणायचं नाही, ही शिकवण आता त्यांना कोणी द्यायची गरज नव्हती. त्यांनी मॅडमकडून त्याच स्टीलची नवी बारीक तार मागितली, नवा नायलॉनचा दोरा मागितला, आणि पॅकिंगच्या टेबलावर बसून नवा ब्रश बांधला. तार हवी तशी वाकायची. दांडीला निळा रंग दिला. निळा म्हणजे केंद्राचं स्टील, दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. मग लाल, मग पिवळा. बघता बघता प्रत्येक धातूचा आपापल्या रंगाचा ब्रश, सुपली आणि चाळण झाली. मॅडमने तो नियमच करून टाकला, आणि दाराशी तपासायला कोणाला ठेवावं यावर फारसा विचार करावा लागला नाही. बाई पावडरच्या खोलीच्या दारात परतल्या त्या अशा. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे त्या रिकामे करवायच्या. मोठे साहेब एकदा पाहुण्यांना घेऊन आले तर बाईंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून ट्रेमध्ये ठेवलं.

"बाई, हे माझं पेन आहे," साहेब म्हणाले.

"तो माझ्या काकांचा ब्रश होता," बाई म्हणाल्या. साहेब मूग गिळून आत गेले.

नवा इम्पेलर छापला, तपासला, गेला. पेटीचं झाकण लावताना या वेळी बाईंनी त्याच्यावरून हात फिरवला नाही. हातमोजा घालूनसुद्धा नाही.

पहिला इम्पेलर पावडरच्या खोलीबाहेर एका कपाटावर ठेवला आहे. दिसायला दोघांत काडीचाही फरक नाही. नवीन माणूस कामाला लागला की बाई त्याला तिथे उभं करतात आणि विचारतात, "यात काय वाईट आहे, सांग." तो उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, काहीच नाही. "म्हणूनच इथे ठेवलाय," असं म्हणून बाई त्याला खिसे रिकामे करायला लावतात.

शटडाउन संपल्यावर पुढच्या सुट्टीला भाऊ जेवायला आला. भाची सोबत होती, पण बापाशी अबोला होता. लांबलेला शटडाउन नेमका नाटकाच्या दिवसावर आला. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली होती.

"आत्या, बाबांना सांग, मीठ इकडे सरकवा," भाची म्हणाली.

बाईंनी भावाला सांगितलं. त्याने मिठाची वाटी बाईंकडे दिली, बाईंनी ती भाचीकडे दिली.

"बघितलंस?" भाऊ म्हणाला. तो दमलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुझ्या छापखान्याने माझं घर मोडलं. आम्ही सगळे तयार बसलो होतो, पंप उघडून ठेवलेला, आणि तुमचा इम्पेलर येतोय, येतोय. कोणीतरी काहीतरी घोळ घातला म्हणे. मला एकदा तो गाढव दाखव. कोण होता गं?"

"मी," बाई म्हणाल्या.

भाऊ मोठ्याने हसला. "तू? तू आणि घोळ?" मग त्याने बहिणीच्या तोंडाकडे बघितलं, मेहुण्यांकडे बघितलं, आणि हसू विरत गेलं.

बाईंनी सांगितलं. वळण, ब्रश, पिंप, सगळं. भाऊ जेवायचा थांबला होता.

"कोणता ब्रश? काकांचा?"

"हो."

"आहे कुठे?"

"कापला."

त्या ब्रशाच्या दांडीवरचे दातांचे ठसे भावाने लहानपणी बोटाने मोजले होते. लॅबच्या टेबलाखाली बसून त्याने अभ्यास केला होता, आणि वर ताईचा हात तोच ब्रश धरून चालत असायचा. तो खाली ताटाकडे बघत राहिला आणि त्याच्या मोठ्या हाताने उगाचच भाताची शितं गोळा करत राहिला.

भाची दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे बाबा आले नाहीत ते तुझ्यामुळे?"

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. "तुझा राग माझ्यावर काढ. त्याच्यावर नको."

"तुझ्या त्या पंख्यात काय पडलं होतं?"

"बाबा सांगत होता ना त्या दिवशी, वळणावर जाऊन बसतो तो. त्याचे कण."

"दिसत होते?"

"नाही."

"मग ते तसेच गेले असते तर बाबांना कळलं असतं?"

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. "मलाही कळलं नसतं, बाळा. कोणालाच नाही."

भाचीच्या कपाळावर अगदी आत्यासारखी आठी पडली. मग तिने मिठाची वाटी उचलली, आत्याच्या हातात न देता टेबलावर पुढे झुकली, आणि स्वतःच्या हाताने बापाच्या ताटाजवळ ठेवली.